मांजरीएवढीच राहीन

कुत्रीचं नाव मी 'इलायची' ठेवलं, ही चूक सर्वस्वी माझी. आता फाटकात उभं राहून "इलायची, ये गं!" अशी लाडात हाक मारली, की घरामागून वासराएवढं जनावर दौडत येतं आणि पार्सल घेऊन आलेला माणूस थेट कंपाउंडवर चढतो. तिच्यासाठी हौसेनं घुंगराचा पट्टा आणला होता. तो आता माझ्या स्कूटरच्या किल्लीला आहे.

या चुकीमागे आमचे शेजारी देवरावकाका आहेत.

काकांनी उभी हयात शेंदूरजनाघाटाकडे संत्र्यांच्या बागा विकत घेतल्या. फळ झाडावर असतानाच सौदा. हात मागे बांधून काका बागेतून एक चक्कर मारायचे आणि किती ट्रक माल निघेल ते सांगायचे. तेवढाच निघायचा. आता ते अमरावतीत आमच्या शेजारी एकटेच राहतात. बागा सुटल्या, अंदाज सुटला नाही. लग्नाच्या मांडवात नुसती नजर फिरवून आचाऱ्याला म्हणतात, "कणीक अजून भिजव. मी सांगून राहिलो ना!" आचारी मुकाट भिजवतो. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "हा शर्ट दिवाळीले तुमाले बसत नाई." शर्ट सध्या माझ्या भाच्याकडे आहे.

तर, काकांच्या व्हरांड्यात संत्र्याच्या पेटीत पिल्लं होती. आई गावठी, बाप कोण्या बंगल्यातला असावा. आई ट्रकखाली गेली, तेव्हापासून काकाच त्यांना कापसाच्या वातीनं दूध पाजत होते. एकेक करून पिल्लं कॉलनीत गेली, ही तेवढी उरली. मला ती हवी होती. पण बायकोनं तिथंच पेटीपाशी बजावलं, "दोन खोल्यांचं घर आहे आपलं. लहानखुरी राहत असन तरच. नाई तं राहू द्या पेटीत."

काकांनी पिल्लू उचललं. संत्र्यासारखं तळहातावर तोललं, कान ओढले, पंजा दाबला, शेपटी मोजली.

"मांजरीएवढीच राहीन. मी सांगून राहिलो ना!"

विषय संपला. इलायची घरी आली आणि वाढतच सुटली. पुढे कळलं, कॉलनीतली बाकीची पिल्लंही 'मांजरीएवढी'च होती. त्यातलं एक आता मोपेड आडवी पाडतं.

शेवटी मी इलायचीला घेऊन, म्हणजे इलायची मला ओढत घेऊन, काकांकडे गेली.

"काका, अख्ख्या बागेचा अंदाज चुकत नाई तुमचा. कुत्र्याचाच कसा चुकते?"

इलायचीनं दोन्ही पंजे त्यांच्या खांद्यांवर ठेवले. थाळीएवढा तो पंजा त्यांनी हातात घेतला.

"चुकला नाई," ते म्हणाले. "तेव्हाच समजलं होतं, हे वासरू होते म्हणून. पण खरं सांगतलं असतं तं तुमी नेली असती का?" मग तोच पंजा कुरवाळत, "मी सत्तरी ओलांडली. माह्यामागं पेटीतल्याले कोण पाह्यते?"

घरी येऊन मी बायकोला मोठ्या ऐटीत हे रहस्य सांगितलं. ती इलायचीच्या भांड्यात भाकर कुस्करत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"पंजे मीबी पाह्यले होते त्या दिवशी," ती म्हणाली. "पण काकांचा हात थरथरून राहिला होता. म्हटलं, असन बाप्पा मांजरीएवढी."