दहा डिसेंबरची सहावी ओळ

खडूची नवी कांडी ऐंशी मिलिमीटर लांब असते. दिनविशेषाच्या पाच ओळी लिहून झाल्या की ती बहात्तर उरते. हे मोजायला कोणी सांगितलं नव्हतं. पण कोल्हापुरातल्या त्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या स्नेहल उपाध्येला, सोळा वर्षं फाटकाजवळच्या फलकावर दिनविशेष लिहून, ते माहीत झालं होतं. म्हणून दहा डिसेंबरला, गारगोटी गावातलं शिक्षकांचं प्रशिक्षण उरकून ती एसटीतून उतरून घाईघाईने शाळेत आली, तेव्हा तिची नजर आधी फलकाखालच्या पट्टीवर पडलेल्या कांडीकडे गेली. कांडी सत्तरवर आली होती.

कोणीतरी एक ओळ जास्त लिहिली होती.

तिने वर पाहिलं. १८७०, जदुनाथ सरकार यांचा जन्म. १८७८, राजगोपालाचारी यांचा. १८९६, आल्फ्रेड नोबेल यांचं निधन. १९०१, पहिले नोबेल पुरस्कार. १९४८, मानवी हक्कांचा जाहीरनामा. आणि त्याखाली, तितक्याच ठसठशीत अक्षरात: ‘२०११ – सम्मेद मगदूम यांनी पन्हाळ्यावर प्रश्न विचारला. उत्तर प्रलंबित.’

त्याच क्षणी मैदानावरच्या कर्ण्यातून नववीतली संयोगिता परिपाठात हीच ओळ वाचत होती. “उत्तर प्रलंबित” तिने फारच भावपूर्ण म्हटलं.

“बाळाबाई!”

शाळेच्या शिपाई बाळाबाई पदराला खडू पुसत आल्या. “काय ओ बाई? चुकलं काय?”

“हे सहावं कशाला लिहिलंत?”

“आता! काल फोनवर तुमीच म्हणलासा की, वहीत हाय तसं उतरवा, एक अक्षर गाळू नका. मागच्या टायमाला मी एक साल गाळलं तर अर्धा तास माझी शिकवणी घेतलासा!”



वही स्नेहलचीच होती. एका तारखेला एक पान. चौदा वर्षांपूर्वी याच तारखेला खग्रास चंद्रग्रहण होतं आणि जिल्ह्यातले विज्ञानशिक्षक दुर्बीण घेऊन पन्हाळ्यावर जमले होते. चंद्र तांब्याच्या जुन्या हंड्यासारखा झालेला असताना गडहिंग्लजच्या शाळेतल्या सम्मेद मगदूमने तिच्या शेजारी उभं राहून, दुर्बिणीतून डोळा न काढता, विचारलं होतं, “माझ्याशी लग्न कराल का, मॅडम?”

“ग्रहण सुटलं की सांगते,” ती म्हणाली होती.

ग्रहण सुटायच्या आधी घरून फोन आला. वडील न्हाणीघरात पडले होते. ती मिळेल त्या गाडीने खाली उतरली. पुढची अकरा वर्षं वडिलांच्या औषधांच्या वेळा सांभाळण्यात गेली. ते गेल्यालाही आता तीन वर्षं झाली होती. पण इतक्या उशिरा, त्याने पुन्हा विचारलेलं नसताना, उत्तर घेऊन जायचं तरी कसं? दर वर्षी विज्ञान प्रदर्शनात सम्मेद भेटायचा. “बाकी काय?” म्हणायचा. “चाललंय,” ती म्हणायची. मग तो उगाच एखाद्या मुलाचा ज्वालामुखी बघायला जायचा, आणि ती त्याच्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघत राहायची. नोंद तिने त्या रात्रीच शाईने केली होती. पेन्सिलीने लिहिलेल्याला ती नोंद मानत नसे.

तिने डस्टर उचललं, तर बाळाबाई आडव्या आल्या. “पुसू नका बाई, पोरं उतरून घ्यालीत.”

खरंच पोरांच्या दिनविशेषाच्या वह्या उघडल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे मुख्याध्यापक उदयसिंह सर मोबाइल उंच धरून उभे होते. फलक त्यांनी कधी वाचला नव्हता; पण त्याचा फोटो जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचं एकही दिवस चुकवलं नव्हतं. फोटो गेला.

दिनविशेषात ज्याचं नाव येतं तो माणूस हयात नसतो, अशी त्या ग्रुपची पक्की समजूत. पहिल्या पाच मिनिटांत बारा जणांनी ‘विनम्र अभिवादन’ लिहिलं. तेराव्याने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि मग सगळे त्याच वाटेने गेले.

“जोतीराम, हे मगदूम कोण म्हणायचे?” शिक्षकांच्या खोलीत उदयसिंह सरांनी विचारलं.

जोतीराम सर वीस वर्षं इतिहास शिकवत होते. ‘माहीत नाही’ हे शब्द त्यांनी त्या काळात एकदाही उच्चारले नव्हते. “सीमाप्रश्न, सर,” ते डोळे मिटून म्हणाले. “पन्हाळ्यावर उभं राहून सवाल टाकलेला. वाघ माणूस. सरकारनं अजून उत्तर दिल्यालं न्हाय.”

“आणि आपण त्यांचा एक फोटोसुद्धा लावला न्हाय! बाळाबाई, हार आणा. चांगला जाड बघून आणा.”

“सर,” स्नेहल कशीबशी म्हणाली, “ते गेलेले नाहीत.”

“मोठी माणसं कधीच जात न्हाईत, मॅडम,” उदयसिंह सर गहिवरून म्हणाले.

तिने पुन्हा तोंड उघडलं. पण खरं सांगायचं तर प्रश्न सांगावा लागणार होता, आणि प्रश्न सांगितला की जोतीराम सर उत्तर विचारणार होते. तिने तोंड मिटलं. तोवर जोतीराम सरांनी घटक चाचणीत प्रश्नही घातला होता: ‘टीप लिहा – पन्हाळ्यावरील प्रश्न. गुण पाच.’

साडेबाराला उदयसिंह सरांचा फोन वाजला. सरांना सगळे फोन स्पीकरवर घ्यायची सवय होती.

“नमस्कार सर. मी सम्मेद मगदूम बोलतोय, गडहिंग्लजवरनं.”

सर खुर्चीतून उठले. “कोण मगदूम?”

“सकाळपास्नं वारल्यात ते.”

 बाळाबाईंच्या हातात हार लोंबत होता.

“आमच्या शाळेत दोन मिंटं शांतता पाळली, सर. मीबी उभा हुतो की, मान खाली घालून. आमच्याकडं गल्लीला दोन मगदूम, मला वाटलं कोण दुसरं आसंल. मग फोटो बघितला. ते फलकावरचं कुणी लिवलंय?”

“मी उतरवलंय, उपाध्ये बाईंच्या वहीत हाय तसं. वहीत शाईनं लिवलंय,” बाळाबाई फोनकडे वाकून म्हणाल्या.



“येतो,” सम्मेद म्हणाला. “दीडची गाडी हाय.”

हार वाया जाणार नव्हता, याचं बाळाबाईंना समाधान वाटलं. शोकसभेचा सत्कार झाला. पताका लागल्या, नारळ आला, फेटा बांधणारा आला. स्नेहल प्रयोगशाळेत जाऊन परीक्षानळ्या धुत बसली. त्या धुतलेल्याच होत्या.

चार वाजता सम्मेद फाटकातून आत आला. कानशिलं पांढरी झाली होती. शर्ट मात्र प्रदर्शनातलाच. तो फलकासमोर थांबला. सहावी ओळ त्याने इतक्या सावकाश वाचली, की जणू ती सहा पानांची होती. मग त्याच्या डोक्यावर फेटा चढला, गळ्यात हार पडला आणि तो मंचावर बसला. समोर सगळी शाळा मांडी घालून बसली होती. मंचाच्या कडेला शिक्षकांच्या रांगेत स्नेहल शेवटची उभी होती.

संयोगिताने हात वर केला. “सर, तुमचा प्रश्न काय होता?”

“सीमा...” जोतीराम सरांनी हळूच सुचवलं.

“लहानसाच हुता, बाळ,” सम्मेद माइकमध्ये म्हणाला. “पाच शब्दांचा.”

“मग उत्तर का न्हाय मिळालं?”

“ज्यांना विचारला त्या म्हणाल्या, ग्रहण सुटलं की सांगते.”

पोरं हसली. बाळाबाईंनी मागून आवाज दिला, “आणि चौदा वर्सं ग्रहण सुटलंच न्हाय व्हय, पावणं?”

“काय म्हाईत,” सम्मेद म्हणाला. “मी अजून वर बघूनच हाय.”

“नऊ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी सुटलं,” स्नेहल म्हणाली.

चुकीची वेळ दुरुस्त केल्याशिवाय तिला कधी राहवलं नव्हतं, तसंच हेही तिच्या तोंडून निसटलं होतं. सगळी शाळा वळून तिच्याकडे बघू लागली. उदयसिंह सरांनी फलकाकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा फलकावर काय लिहिलंय ते त्यांच्या लक्षात आलं. जोतीराम सर खिशातून प्रश्नपत्रिका काढून पाच गुणांच्या टिपेवर काट मारू लागले.

स्नेहल चार पायऱ्या चढून मंचावर गेली. माइक तिच्या उंचीला जास्त होता. सम्मेदने तो खाली केला. 

“एक दुरुस्ती आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज कर्ण्यातून फाटकापर्यंत गेला. “उत्तर प्रलंबित नव्हतं. उत्तर त्याच संध्याकाळी तयार होतं, फक्त सांगायचं राहिलं होतं.” ती सम्मेदकडे वळली.

“हो. करीन.”