दोरीवरची शिरगणती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे समोरच्या इमारतींवर वाळत घातलेले शर्ट मोजले. मी आणि माझी बायको इंदू, सकाळी अकरा वाजता, आमच्या गॅलरीत. मोतीबिंदू काढल्यावरही तिला लांबचं धुरकटच दिसायचं, म्हणून डोळे माझे आणि अक्कल तिची अशी वाटणी होती. ती विचारायची, तिसरा मजला, डावीकडून दुसरी गॅलरी, राखाडी शर्ट आहे का. मी म्हणायचो, आहे. ती एक बोट मिटायची. मोजायला माझी बोटं ती धरायची नाही, कारण दीड बोट माझं तरुणपणीच कंपनीतल्या प्रेस मशीनखाली गेलं. "तुमचा आकडा कायम दीडने कमी यायचा," म्हणायची.

त्या दिवशी तेवीस भरले. मागच्या आठवड्यापेक्षा दोन जास्त. त्या दोघांना जणू हिनेच नोकरी लावली अशा थाटात ती फोन लावायला आत गेली.

संध्याकाळी ती गेली. ओट्यापाशी खाली बसली आणि उठली नाही. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. मला तिच्या मोजणीबद्दल लिहायचंय, कारण असली बाई मी दुसरी पाहिली नाही आणि तुम्हीही पाहिली नसेल.

आमचं घर चिंचवड स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. समोर चार इमारती, सगळ्या भाड्याच्या खोल्या, आणि राहणारे सगळे भोसरी, तळवडे, चाकणच्या कंपन्यांतले. कुणी बीडचा, कुणी लातूरचा, कुणी पार बिहारचा. आता, कंपनी माणसाला गणवेशाचे दोन जोड देते. एक अंगावर, एक दोरीवर. म्हणजे दोरीवर जितके शर्ट तितक्या नोकऱ्या. वेळ मात्र अकराचीच. आधी मोजलं तर रात्रपाळीवाल्याचा शर्ट अजून बादलीत असतो. दोननंतर मोजलं तर दुपारपाळीवाला वाळलेला शर्ट अंगात घालून बसच्या थांब्यावर उभा असतो. मी पस्तीस वर्षं पाळ्या केल्या, पण हे मला कधी सुचलं नाही. तिने कंपनीचं गेट आतून कधी बघितलं नव्हतं.

शर्ट म्हणजे धंदा आणि दुपटी म्हणजे लोकसंख्या, अशी तिची दोन खाती. एखाद्या दोरीवर नवीन दुपटं दिसलं की ती मला बोलवायची, "अहो, चिंचवड वाढलं." मी दाढी अर्धी टाकून यायचो. पेपरात काहीही छापून येवो, सरकार काहीही म्हणो, हिचं एकच म्हणणं, "दोरी खोटं बोलत नाही."

हे सगळं कशासाठी, तर पुण्याला हरवायला. आणि पुणं म्हणजे कोण, तर तिची थोरली बहीण.

इंदूचं माहेर नाना पेठेतलं. अक्का लग्न होऊनही तिथेच राहिली, दोन गल्ल्या सोडून. इंदूला मात्र माझ्यासारखा चाकणकडच्या खेड्यातला सातवी शिकलेला गडी मिळाला आणि ती चिंचवडला आली. तेव्हा इकडे रात्री कोल्हे ओरडायचे. अक्काने लग्नातच सगळ्यांसमोर विचारलं होतं की तिकडे दळण कुठे मिळतं. इंदूने ते मनात ठेवलं. गिरण्या आल्या, बाजार आला, थिएटर आलं, उड्डाणपूल आले, मेट्रो आली. प्रत्येक वेळी इंदूने अक्काला कळवलं. आधी पोस्टकार्डाने, मग कोपऱ्यावरच्या फोनवरून, मग मोबाइलवरून रोज अकरा वाजून गेल्यावर.

अक्काही कमी नव्हती. तिच्या घराखाली दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं. खिडकीत बसून ती गिऱ्हाइकांच्या गाड्या मोजायची. आज चाळीस गाड्या थांबल्या, आज पन्नास. इंदू तिला म्हणायची, "अगं, गाडी आमच्याकडे जन्मते. तुमच्याकडे ती दुखणं घेऊन येते." त्यावर अक्का म्हणायची, दुखणं बरं करायला शहाणी माणसं लागतात. असं अर्धा तास. मी पेपर घेऊन संडासात जाऊन बसायचो.

हद्दीवरून तर वर्षभर वाद चालला. मुळा नदी ही हद्द, एवढं दोघींनी मान्य केलं. पण चाकण कुणाचं? अक्का म्हणे, जिल्हा पुणे, म्हणून आमचं. इंदू म्हणे, बस आमच्या चौकातून जाते, म्हणून आमचं. मी जन्माने तिकडचा, पण मी कुणाचा हे मला कुणी विचारलं नाही. विमानतळ अक्काने घेतला. इंदूने तो सहज सोडला. म्हणाली, उडणारा माणूस मोजणीत धरत नाहीत, तो राहत नाही. मग मारुंजी कुणाची, हिंजवडी कुणाची. शेवटी अक्काकडे एक हुकमाचा पत्ता होता. हरायला लागली की ती शांतपणे विचारायची, "पत्त्याच्या खाली काय लिहिता गं? पुणेच ना?" तेवढ्यावर इंदू फोन ठेवायची आणि त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडायचं.

एकदा मात्र तिची चांगलीच फजिती झाली. समोरच्या दुसऱ्या इमारतीत, तळमजल्यावर, एका दोरीवर एकदम अकरा नवे कोरे शर्ट लागले. एकाच घरात अकरा नोकऱ्या. इंदूला जेवण गेलं नाही. तिने अक्काला सांगितलं, अक्काच्या शेजारणीला सांगितलं, जिना झाडणाऱ्या बाईलासुद्धा सांगितलं. तीन दिवसांनी शर्ट नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी नऊ विजारी आल्या. तेव्हा मी खाली जाऊन विचारलं. तो शिंपी होता. कंपनीचे गणवेश शिवायचं काम त्याने घेतलं होतं आणि कापड आटतं का ते बघायला धुऊन वाळत घालत होता. ही बातमी मीच अक्काला सांगितली, याबद्दल इंदूने मला पंधरा दिवस चहा स्वतःचा स्वतः करायला लावला. पुढे कितीतरी वर्षं अक्का फोनवर आधी विचारायची, "तुझे ते अकरा जण बरे आहेत ना?"

एखाद्या दोरीवरचा शर्ट चार दिवस दिसला नाही की इंदू अस्वस्थ. मला खाली पिटाळायची, जाऊन विचारा, काम गेलं का त्याचं. मी म्हणायचो, मी काय लेबर ऑफिसर आहे? तरी जायचो. बहुतेक वेळा तो गावाला लग्नाला गेलेला असायचा. दोनदा खरंच काम गेलेलं निघालं. एकाला मी माझ्या जुन्या सुपरवायझरकडे घेऊन गेलो, ते तिने मला गेटपर्यंत ढकललं म्हणून. त्याचा शर्ट पुन्हा लागला तेव्हा तिने शिरा केला.

आमची मुलगी सुनीता पिंपळे सौदागरला राहते, मोठ्या सोसायटीत, अकराव्या मजल्यावर. पहिल्यांदा गेलो तेव्हा इंदू थेट गॅलरीत गेली आणि हात हलवत परत आली. समोर वीस-वीस मजले आणि एकाही दोरीवर चिंधी नाही. सुनीता म्हणाली, आई, इथे बाहेर कपडे वाळत घालायला बंदी आहे, बिल्डिंग वाईट दिसते. इंदू सोफ्यावर बसली. मग जावयाला म्हणाली, "एवढी माणसं राहतात आणि कुणाला कळू देत नाही? ही कसली वाढ?" जावई आयटीतला, त्याला गणवेशच नाही. तिने त्याला कधी मोजलं नाही. घरचा म्हणून चालवून घेतला.

आता खरी गोष्ट सांगतो. अक्काला मूलबाळ नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. वरच्या मजल्यावर खोली आणि स्वयंपाकघर, जिना असा उभा की मला उतरताना देव आठवतात. इंदूच्या मनात एकच होतं, अक्काने आमच्याकडे राहायला यावं. ती फोनवर रोज म्हणायची, ये आणि स्वतः मोज. अक्का म्हणायची, येईन कधीतरी. पण यायची नाही. आली तर सकाळी यायची आणि दिवे लागायच्या आत जायची.

इंदू मला म्हणायची, "माझ्या बोलावण्याने ती येणार नाही. धाकट्या बहिणीच्या घरी राहायचं तर घरच्या माणसाने तोंडाने म्हणायला लागतं. तुम्ही एकदा म्हणा."

मी म्हणायचो, "घर तुझंच हाय. माझ्या म्हणण्याचं काय सोनं लागलंय?"

खरं सांगायचं तर मी भीत होतो. एक मोजणारी बाई घरात होती, दुसरी आली असती तर माझं काय झालं असतं? पेपर घेऊन संडासात तरी किती वेळ बसणार माणूस? म्हणून मी टाळलं. दिवाळी होऊ दे, म्हणालो. घराला रंग होऊ दे, म्हणालो. तुझं डोळ्याचं होऊ दे, म्हणालो. रंग झाला, डोळ्याचं झालं, दिवाळ्या तर चार झाल्या. ती दर वेळी म्हणायची, बरं. रागावली असती तर मी ऐकलं असतं. मला रागाची सवय आहे.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. सव्वीस शर्ट भरले होते, आमच्या समोरचा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. मी स्वतः दोनदा मोजले. इंदूने फोन लावला आणि अक्काला म्हणाली, एकोणीस. मी कान दिला. एकोणीसच म्हणाली. पलीकडून अक्का मोठ्याने हसल्याचं मला इथपर्यंत ऐकू आलं. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "काय गं, दोरी खोटं बोलत न्हाई ना?"

"दोरी नाही बोलत," ती म्हणाली. "मी बोलते. तिला काल दिवसभर ताप होता. उठून पाणी द्यायला कोण आहे तिथे?" मग पदराने चष्मा पुसत म्हणाली, "जिंकली की ती चार घास जास्त जेवते."

तेव्हा मला समजायला पाहिजे होतं. समजलंही. पण मी काय केलं, तर उठून मोटारीचं बटण दाबलं, टाकी भरायची होती म्हणून.

तर ती संध्याकाळ. सुनीता आणि जावई आले, शेजारचे आले. सुनीता म्हणाली, बाबा, मावशीला फोन करते. मी म्हणालो, नको. त्या जिन्यावरच्या एकट्या बाईला रात्री फोनवर सांगायचं नाही. सकाळी मी जाऊन घेऊन येतो, तोवर थांबू. कुणाला पटलं नाही. मी म्हणालो, पटायला पाहिजे असं काही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जावयाने गाडी काढली. दापोडीचा पूल ओलांडला तेव्हा तो म्हणाला, बाबा, मी सांगू का मावशींना. मी म्हणालो, न्हाई.

नाना पेठेत दुकानांची शटरं अजून खाली होती. जावयाला गाडीपाशी ठेवून मी जिना चढलो. अक्काने दार उघडलं. हातात झाडू होता. मला एकट्याला बघितलं, माझ्या मागे जिन्यात बघितलं, आणि झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

"कधी?" तिने विचारलं.

"काल. संध्याकाळी."

ती पाटावर बसली. मी दारातच उभा राहिलो. बसा म्हणायचं तिला सुचलं नाही आणि मला बसवत नव्हतं. बऱ्याच वेळाने उठली, आतून कापडी पिशवी आणली आणि एक पातळ त्यात घातलं. एकच.

मी म्हणालो, "अक्का, एक नका घेऊ. सगळी घ्या. राहायला चला आमच्याकडं. मी म्हणतोय."

ती माझ्याकडे वळली. "आत्ता म्हणताय होय, मारुतराव?"

"व्हय," मी म्हणालो. "उशीर केला मी. इंदू चार वर्षं सांगत होती."

"मला ठाऊक आहे ती सांगत होती," अक्का म्हणाली.

मग दुसरं पातळ काढलं, मग तिसरं. चष्म्याचं घर घेतलं, गोळ्यांचा डबा घेतला. मी गॅस बंद केला, सिलिंडरचं बटण फिरवलं, मागची खिडकी लावली. तिने कुलूप लावलं आणि एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने माझा दंड धरून एकेक पायरी उतरली. पायऱ्या अठरा आहेत.

खाली दूधवाला सायकल लावत होता. अक्काला पिशवी घेऊन उतरलेली बघून त्याने अर्ध्या लिटरची पिशवी तशीच हातात धरली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हणालो, आजपासून इथलं दूध बंद कर. त्याने विचारलं, किती दिवस?

मी म्हणालो, बंदच कर.

अक्का शेजारीच उभी होती. गाडीचं दार उघडून तिने आधी पिशवी आत ठेवली.