दोरीवरचा चाफा

आमच्या तळमजल्यावरच्या जयवंतीआजी चाफ्याची फांदी तोडली की तिला बोंबलासारखी दोरीवर उलटी टांगतात. चांगले पंधरा दिवस. खाली चीक टिपायला जुना पेपर आणि शेजारी काठी घेऊन स्वतः आजी, मांजर येऊ नये म्हणून. चाफ्यावर मांजर येत नाही, असं मी एकदा भीत भीत सांगून पाहिलं.

“आनि आलं तर?” आजींनी विचारलं.

आजींचा जन्म पाचूबंदरला मासळी सुकवण्यात गेला. मुलाने एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला, तेव्हा त्याच्यासोबत त्या इथे आल्या आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून त्यांनी चाफा लावला. त्यांचं चाफ्याचं सगळं शास्त्र मासळीतून आलेलं आहे. ओली फांदी लावली तर कुजते, म्हणून ‘सुकलं ते टिकलं’. थंडीत झाडाची पानं गळाली की त्या पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या हिशेबाने सांगतात, “बंदी चालू हाय त्याची.” सुकलेली फांदी न मागता घरपोच मिळते. मग दर रविवारी तपासणी. आजी कुंडीत बोट खुपसतात आणि दरडावतात, “एवडं पानी कोन घालतं?”

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी वरून ती दोरी पाहिली आणि त्यांना बोंबलांचा वास येऊ लागला. दोन दिवसांत दुसऱ्या मजल्यालाही आला. सेक्रेटरींना तर सर्दी असून आला. मला येत नव्हता. पण एवढ्या मोठ्या माणसांना येतोय, म्हणजे माझंच नाक कच्चं असणार, असं मला वाटलं.

दोरी काढायची नोटीस द्यायचं ठरलं. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच आणि आईने ते सगळ्या बिल्डिंगला सांगितलेलं, म्हणून नोटीस मी लिहायची ठरली. मी तीत ‘उग्र दर्प’ असे शब्द घातले. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता.

आजींना वाचता येत नाही. द्यायला गेलो, तर मलाच ती वाचून दाखवावी लागली. ‘उग्र दर्प’ मी जवळजवळ गिळलाच.

“पाचूबंदरला कोनाच्याबी घरात जायाला कारन लागत नव्हतं,” आजी म्हणाल्या. “इथं बेल दाबली की इचारतात, काय काम हाय? फांदी दिली की काम ऱ्हातं. पालवी फुटली की तेबी संपतं.”

मग त्यांनी एक फांदी उतरवली आणि तशाच जिना चढून जोशीकाकूंकडे गेल्या. मी मागोमाग. काकूंनी फांदी तीनदा हुंगली. शेवटी म्हणाल्या, आज येत नाहीये. फांदी मात्र त्यांनी ठेवून घेतली आणि नोटिशीचं पुढे कोणी नाव काढलं नाही.

आमच्या कुंडीतल्या फांदीला गेल्या महिन्यात चार पानं फुटली. तेव्हापासून रविवारी बेल वाजली की आई ती कुंडी उचलून बाथरूममध्ये नेते आणि मी गॅलरीत नुसत्या काडीची दुसरी कुंडी ठेवतो. आजी मातीत बोट खुपसतात, मला पाण्यावरून बोलतात, मग खुर्ची ओढून बसतात.

आई चहाचं आधण ठेवता ठेवता अगदी काळजीने सांगते, “अजून काहीच नाही हो. पुढच्या रविवारी येऊन बघाल का?”