तेर्ना बोटीवरचे अठ्ठेचाळीस जण

सतरा मेच्या, म्हणजे नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनाच्या सकाळी सिगब्योर्न ‘तेर्ना’ बोटीवर चढला तो छाती पुढे काढूनच. बोटीवरच्या वायफायचा ड्रायव्हर त्यानं लिहिला होता.

“ड्रायव्हर मी आहे,” कप्तान तोर्ब्योर्ग सुकाणूवरचा हात न काढता म्हणाली. “तीस वर्षं झाली.”

“तसला नव्हे, कप्तानबाई. यंत्राच्या पोटातला. कुठला फोन आला, कुठला जोडला, कुठला गेला, सगळ्यांची यादी तो ठेवतो.”

कंपनीनं आता त्या यादीवरूनच प्रवासी मोजायचं ठरवलं होतं. बोटीला परवानगी अठ्ठेचाळीस जणांची, त्यात कप्तानही आली. आकडा सुकाणूजवळच्या काचेच्या पडद्यावर दिसे; तो भरला की चढायचं दार आपोआप बंद. गेल्या आठवड्यात मात्र जरा घोटाळा झाला होता. खिशातले फोन वीज वाचवायला डुलक्या काढत, आणि डुलकी लागली की ड्रायव्हर त्यांची नावं खोडून टाके. तोर्ब्योर्गनं तेव्हा भरल्या बोटीतून फोन केला होता, “काचेवर पाच जण आहेत म्हणे. मग माझ्या पायावर कोण उभं आहे?”

सिगब्योर्ननं एका बैठकीत इलाज केला. फोन स्वतःहून निरोप घेत नाही, तोवर त्याचं नाव खोडायचं नाही. “आता बघाच,” तो म्हणाला.

लांगोय बेटावरून सव्वीस जण चढले. नटूनथटून, हातात झेंडे. तोर्ब्योर्ग, सिगब्योर्न आणि इंजिनवाला ओद्वार धरून एकोणतीस. काचेवरही एकोणतीस! सिगब्योर्ननं ओद्वारच्या पाठीवर थाप मारली. बोट शहराला लागली, सव्वीसच्या सव्वीस उतरून गेले. काचेवर एकोणतीसच.

“हे काय?” तोर्ब्योर्गनं विचारलं.

“फोननी अजून निरोप घेतला नाही. घेतील.”

“अरे, आमची माणसं निरोप न घेता जातात. त्यांचे फोन कुठले घ्यायला!”

“यंत्राला रीतभात असते, कप्तानबाई.”

दुसऱ्या फेरीत सांदोय बेटावरून एकोणीस जण आले आणि शहरात उतरले. बोट आता होल्मेनच्या धक्क्याकडे निघाली ती बँडला आणायला. अकराला मिरवणूक, आणि बँडशिवाय मिरवणूक म्हणजे नुसती माणसं रस्त्यानं जाणार. धक्क्यावर वीस वादक उभे होते. पुढे चांदीचे दागिने घातलेली बँडप्रमुख आसलौग, मागे एक भलामोठा पितळी तुबा आणि त्याच्या आड कुठेतरी वाजवणारा.

बोट लागली. दार उघडेना. वर लाल दिवा.

“तोर्ब्योर्ग, उघड की! साडेदहा झाले.”

“उघडत नाही. बोट भरलीय.”

आसलौगनं टाचा उंचावून रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली. “कुणी भरलीय?”

“अठ्ठेचाळीस जणांनी,” तोर्ब्योर्ग म्हणाली आणि सिगब्योर्नकडे वळली. “सांग रे बाबा यांना.”

“किरकोळ आहे! यादी नव्यानं सुरू करतो,” म्हणत सिगब्योर्ननं एक बटण दाबलं. काचेवर शून्य आलं. हिरवा दिवा लागला, दार उघडलं. तो मागे वळून हसणार, तोच तोर्ब्योर्गचा फोन वाजला. बचाव केंद्राचा.

कंपनीनं आणखी एक सोय करून ठेवली होती. दारं बंद असताना माणसं कमी झाली, तर ती कठड्यावरूनच गेली असणार, म्हणून बचाव केंद्राला आपोआप इशारा जाई. अठ्ठेचाळीस माणसं एका क्षणात समुद्रात!

पाणी कापत नारिंगी बचावबोट आली. तिच्यावरून इंगेब्रिग्त नावाचा अधिकारी दोर घेऊनच उडी मारून आत आला. “किती पडले?”

“कुणीच नाही!” सिगब्योर्न म्हणाला.

“नोंद अठ्ठेचाळीसची आहे.”

“आम्ही तिघं इथे आहोत. बाकीचे शहरात उतरलेत.”

“उतरले ते जिवंत होते?”

“झेंडे घेऊन होते!” ओद्वार ओरडला.

पण नियम तो नियम. एकेक माणूस सापडल्याशिवाय बोट हलवायची नाही. शेवटी तोर्ब्योर्गनं मिरवणुकीच्या प्रमुखाला फोन लावला, आणि चौकातल्या कर्ण्यावरून घोषणा झाली, “सकाळी ‘तेर्ना’नं आलेल्यांपैकी जे बुडालेले नाहीत त्यांनी कृपया हात वर करावेत.” चव्वेचाळीस हात वर झाले. पंचेचाळिसावा शोधायला दहा मिनिटं गेली. म्हातारा तोरमुद सॉसेजच्या रांगेत होता, आणि घोषणा ऐकूनही त्यानं हात वर केला नव्हता.

“का हो?”

“मला वाटलं, हात वर केला की रांगेतला नंबर जाईल.”

इंगेब्रिग्तनं वहीत लिहिलं, ‘बुडालेले अठ्ठेचाळीस, वाचलेले अठ्ठेचाळीस.’ इतकी चांगली नोंद त्याच्या नोकरीत पहिलीच. खूश होऊन त्यानं अख्खा बँड आपल्या बोटीत घेतला. निळा दिवा लावून मंडळी अकराला दोन मिनिटं कमी असताना शहराला लागली. टाळ्या झाल्या त्या बँडला की बचावबोटीला, कुणाला कळलं नाही.

‘तेर्ना’वर सिगब्योर्न कोपऱ्यात संगणक मिटून बसला होता. तोर्ब्योर्गनं त्याच्या हातात कॉफी आणि तपकिरी चीज लावलेलं वॅफल दिलं.

“गप्प असलेला माणूस झोपलाय की गेलाय, कसं ओळखायचं?” तो स्वतःशीच पुटपुटला.

“हाक मारायची. दोन-तीनदा मारायची. ओ दिली नाही तर गेला.”

सिगब्योर्ननं वॅफल खाली ठेवलं आणि संगणक उघडला. शहर येईपर्यंत नवा ड्रायव्हर तयार होता. गप्प फोनला तीन हाका, उत्तर नाही आलं तरच नाव खोडायचं. दिवसभर तो बोटीवर उभा राहून डोकी मोजत होता. चढले तितके वाढत, उतरले तितके कमी होत. एकदाही चूक नाही. लांगोयला जाणाऱ्या शेवटच्या फेरीआधी त्याला इतकं हलकं वाटलं, की संगणक आणि कोट बाकावर टाकून तो आइस्क्रीम आणायला उतरला.

परत आला तेव्हा बोट गच्च भरली होती. त्याच्या नाकासमोर दार बंद झालं. लाल दिवा.

“कप्तानबाई, मी राहिलो!”

तोर्ब्योर्गनं काचेकडे पाहिलं, मग बाकांवरची डोकी बोटानं मोजली. “अठ्ठेचाळीस!” ती ओरडली. “या खेपेला खरे!”

“खरंच? तुम्ही स्वतः मोजलंत?”

“दोनदा!”

“बघा, मी म्हणत नव्हतो?” सिगब्योर्न आनंदानं ओरडला आणि दोन्ही हात उंचावून बोटीला निरोप देऊ लागला. बोट दीपस्तंभापलीकडे गेली तेव्हा कुठे त्याला आठवलं, की पुढची फेरी उद्या सकाळी सातला आहे.