दुसऱ्या क्रमांकाचा आवाज

खिडकीजवळच्या टेबलावर एकच ॲम्प्लिफायर राहील आणि दुसरा रविवारी संध्याकाळी सहाच्या आत माळ्यावर जाईल, असे बायकोने मंगळवारी चहाच्या वेळी जाहीर केले. ती घरी शिवणकाम करत असे आणि मोजमापांच्या बाबतीत तिचा शब्द घरात अंतिम होता. टेबल चार फूट लांब होते. तिच्या वडिलांच्या ॲम्प्लिफायरने त्यातले सतरा इंच व्यापले होते आणि नवऱ्याच्या ॲम्प्लिफायरने चौदा. उरलेल्या सतरा इंचांत तारा होत्या. तिचे शिलाई मशीन मात्र आतल्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या अंधारात होते, आणि काळ्या कापडावर काळा दोरा घालताना ती अंदाजानेच चालत असे.

सासऱ्यांचा ॲम्प्लिफायर कारखान्यात तयार झालेला, लाकडी पेटीचा होता. पत्नी गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले तेव्हा एक सुटकेस, एक वेताची खुर्ची आणि हा ॲम्प्लिफायर, एवढेच सामान त्यांनी आणले होते. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षे लोकांच्या तक्रारी ऐकून आपला कान तयार झाला आहे, असे ते सांगत. माळ्यावर जाणे म्हणजे त्या यंत्राला सेवानिवृत्त करणे होते, आणि सेवानिवृत्तीचा अनुभव त्यांना होता.

नवरा महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. त्याने आपला ॲम्प्लिफायर चौदा महिने खपून स्वतः बांधला होता. ट्रान्झिस्टर मीटरवर तपासून त्यांच्या जोड्या जुळवल्या होत्या आणि ते तापू नयेत म्हणून लावायच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कानशीने स्वतः घासल्या होत्या. चांगल्या ॲम्प्लिफायरला स्वतःचा आवाज नसतो, हा त्याचा सिद्धान्त होता. आत येईल ते मोठे करून बाहेर द्यायचे आणि स्वतःचे काही बोलायचे नाही.

"जावयाबद्दल माझी हीच अपेक्षा होती," सासरे म्हणाले.

वाद मिटवण्यासाठी नवऱ्याने चाचणी सुचवली. एक पत्र्याची पेटी, तिला एक बटण. बटण 'एक'वर असेल तर स्पीकर सासऱ्यांच्या ॲम्प्लिफायरला जोडले जातील, 'दोन'वर असेल तर नवऱ्याच्या. मध्ये चादर टांगायची. बायको चादरीमागे बसून नाणे उडवील, त्याप्रमाणे बटण फिरवील आणि वहीत आखलेल्या 'एक' आणि 'दोन' या रकान्यांत खूण करील. हे दहा वेळा करायचे, आणि ऐकणाऱ्याने दर वेळी आपण कोणता ऐकला ते कागदावर लिहायचे. निःपक्षपाती श्रोता म्हणून वरच्या मजल्यावरचे गायनमास्तर यायला तयार झाले. दोन्ही ॲम्प्लिफायर आपण जमिनीतून गेले वर्षभर ऐकतच आहोत, असे ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात तक्रार होती की अनुभव, हे कळायला मार्ग नव्हता.

रविवारी सकाळी पेटी जोडल्यावर नवऱ्याच्या ॲम्प्लिफायरमधून बारीक गुणगुण येऊ लागली. दोष पेटीत आहे की ॲम्प्लिफायरमध्ये, हे आधी ठरवायला हवे होते. म्हणून त्याने पेटीतून आपल्या ॲम्प्लिफायरच्या तारा सोडवल्या, त्यांच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळली आणि एक तारेचा तुकडा लावून सासऱ्यांचाच ॲम्प्लिफायर बटणाच्या दोन्ही बाजूंना जोडला. गुणगुण थांबली. म्हणजे पेटी निर्दोष होती.

प्रयोगशाळेत त्याचा एक नियम होता. तात्पुरती जोडणी नेहमी पिवळ्या तारेने करायची, म्हणजे ती काढायची आहे हे डोळ्यांना दिसते. अठरा वर्षांत हा नियम मोडला नव्हता. पण त्या दिवशी पिवळ्या तारेचे रीळ रिकामे निघाले. सासऱ्यांच्या वेताच्या खुर्चीचा हात सैल झाला होता आणि त्यांनी तो आदल्या दिवशी पिवळ्या तारेने घट्ट आवळून टाकला होता. नवऱ्याने काळी तार वापरली.

पुढे त्याला गुणगुणीचे कारणही सापडले. आपल्या ॲम्प्लिफायरची एक अर्थिंग तार त्याने चुकीच्या जागी जोडली होती. ती त्याने हलवली, इतक्यात स्वयंपाकघरातला नळ निखळला म्हणून बायकोने हाक मारली. नळ बसवून तो ओल्या बाह्यांनी परतला, पेटीचे झाकण चार स्क्रूंनी बंद केले आणि बटण 'दोन'वर फिरवले. गुणगुण पूर्ण गेली होती. आपले निदान अचूक होते, याचे त्याला समाधान वाटले.

यानंतर सगळेच अपेक्षेपेक्षा चांगले होत गेले. दोन्हींचा आवाज समान पातळीवर असायला हवा म्हणून त्याने स्पीकरच्या टोकांना मीटर लावला. दोन्ही आकडे तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळले. आवाजाच्या बटणाला हात लावावा लागला नाही. ही गोष्ट त्याने वहीत लिहून खाली रेघ ओढली. सासऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर तळहात ठेवून पाहिला.

"गार आहे की हो, जावईबापू. माझा बघा, कसा चांगला तापतो."

"तीच तर रचनेची खुबी आहे, बाबा," नवरा म्हणाला आणि तेही वहीत लिहिले.

चार वाजता चाचणी सुरू झाली. आधी ओळख म्हणून 'एक' आणि 'दोन' आळीपाळीने उघडपणे ऐकवले. एक संथ गाणे लावले होते. सासरे डोळे मिटून ऐकत होते. 'एक'ला आवाज भरीव आहे आणि 'दोन'ला कोरडा, असे त्यांनी सांगितले. गायनमास्तरांना 'दोन'मध्ये तानपुरा जरा मागे बसल्यासारखा वाटला. नवरा सिद्धान्ताने बांधलेला असल्यामुळे बोलला नाही, पण 'दोन'ला खालचे स्वर अधिक घट्ट येतात हे त्याच्या कानांनी टिपले आणि त्याने ते स्वतःपुरते कागदाच्या कोपऱ्यात लिहिले.

मग दहा फेऱ्या झाल्या. चादरीमागून बटणाचा खटका ऐकू येई आणि तिन्ही पेन्सिली चालू लागत. सासरे क्षणभरही अडखळले नाहीत. सातव्या फेरीला तर त्यांनी गाणे सुरू होताच हात वर केला.

"हा दोन. ह्याच्यात माणूसच नाही."

"बाबा, बोलायचं नाही," बायको चादरीमागून म्हणाली.

पाच वाजता निकाल मोजला. सासरे दहापैकी पाच, गायनमास्तर सहा, नवरा चार. नवऱ्याने आकडे दोनदा तपासले आणि हे यश केवळ योगायोगाने मिळते तेवढेच आहे, असे समजावून सांगितले. कोणालाही फरक ओळखता आला नव्हता. त्याचा सिद्धान्त सिद्ध झाला होता आणि घरी बांधलेले यंत्र कारखान्यातल्या यंत्राच्या तोडीचे ठरले होते. मग जागा कमी व्यापणाऱ्यानेच टेबलावर राहावे, हे ओघानेच आले. गाणे पार्श्वभूमीला चालूच होते आणि बटण 'दोन'वर होते.

सासऱ्यांनी वाद घातला नाही. आपला कान आता गेला, एवढे ते हळू आवाजात म्हणाले. मुलीने त्यांच्याकडे पाहिले आणि ती काहीतरी बोलणार होती, पण ते खुर्चीच्या आवळलेल्या हातावर जोर देऊन उठले होते.

"राहू दे. माझा आहे, मीच काढतो."

त्यांनी वाकून आपल्या ॲम्प्लिफायरचा प्लग ओढला. गाणे बंद पडले.

गायनमास्तरांना तो गायकाचा विराम वाटला आणि त्यांनी दाद म्हणून मान हलवली. विराम लांबला. नवऱ्याच्या ॲम्प्लिफायरचा हिरवा दिवा तेजस्वी जळत होता आणि त्यातून काहीही येत नव्हते. सासऱ्यांनी हातातल्या प्लगकडे पाहिले, तो पुन्हा लावला. गाणे आले. काढला, गेले. टेलिफोन खात्यात तक्रार अशीच तपासत असत.

नवऱ्याने चारही स्क्रू काढले. आत काळी तार होती.

"म्हणजे दहाही वेळा बाबांचाच वाजला?" बायकोने विचारले.

"विद्युतदृष्ट्या, हो."

"आणि कानादृष्ट्या?"

सासरे जिंकले होते, पण विजय साजरा करणे त्यांनाही अवघड होते. ज्याच्यात माणूस नाही असे त्यांनी सातव्या फेरीला सांगितले, ते त्यांचेच यंत्र होते. गायनमास्तरांना अचानक शिकवणीची आठवण झाली. तानपुरा कुठे बसला होता, याबद्दल कोणी विचारण्याआधी ते जिन्यात पोचले होते.

बायकोने वही पुढे केली. आखलेल्या दोन रकान्यांबाहेर, समासात, तिने दहाही फेऱ्यांसमोर बारीक अक्षरात 'सारखंच' असे लिहिले होते.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोनच रकाने आखून दिले होते."

चाचणी अर्थातच रद्द धरावी लागली. ती पुन्हा घ्यायला हवी, हे नवऱ्याने मान्य केले, सासऱ्यांनीही केले. तोवर कोणाही एकाला टेबल देणे पक्षपाताचे ठरले असते. म्हणून सहाला पाच मिनिटे असताना बायकोने दोन्ही ॲम्प्लिफायर खाली उतरवून टेबलाच्या दोन बाजूंना जमिनीवर ठेवले आणि आतले शिलाई मशीन बाहेर आणले. दोघांनी ते उचलायला मदत केली.

पुढच्या रविवारी नवऱ्याला प्रयोगशाळेची यादी करायची होती. त्यानंतरच्या रविवारी सासऱ्यांच्या कानाला वारा लागला. तिसऱ्या रविवारी बायको खिडकीजवळ काळ्या कापडाला काळा दोरा घालत असताना दोघांनी चाचणीचे तीन कागद घड्या घालून पत्र्याच्या पेटीत ठेवले, झाकणाचे चारही स्क्रू पिळले आणि पेटी माळ्यावर टाकायला शिडी लावली. तरीही झाकण उघडू नये म्हणून पेटीभोवती गुंडाळायला सासरे खुर्चीच्या हाताची पिवळी तार सोडू लागले.

"पिवळी नको, बाबा," नवरा म्हणाला. "काळी घ्या."