कोर्ट उठेपर्यंत

टेम्पोवाल्याने आयुष्यात पहिला गुन्हा केला, तो केवळ दुसऱ्यांचं भांडण शेवटपर्यंत बघायला मिळावं म्हणून. दोन शेजारणींची कुंपणावरून जुंपली होती. हा भर रस्त्यात टेम्पो सोडून खाली उतरला आणि मागे सगळी वाहतूक तुंबली. तुंबलेल्यांत पोलिसांची जीपही होती.

"गुन्हा कबूल आहे?" मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं.

"कबूल, बाईसाहेब. पण कुंपण कुणाचं ते शेवटी कळलंच नाही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पहिलाच गुन्हा, सरळ कबुली, कुणाला इजा नाही, असं सगळं तोलून त्यांनी किरकोळ दंड केला आणि वर कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे बाई दिवसाचं काम आटोपून उठेपर्यंत मागच्या बाकावर गप्प बसायचं, मग घरी जायचं.

टेम्पोवाल्याला हायसं वाटलं. अडचण एकच होती. संध्याकाळच्या बसने सासूबाई यायच्या होत्या आणि त्यांना स्टँडवरून आणायचं त्याच्याकडे होतं. "जावईबापू, लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची खोड एक दिवस तुम्हाला गजाआड नेणार," हे त्या दर भेटीत सांगत. आजचा प्रकार त्यांना कळला असता, तर पुढची जन्मठेप घरातच भोगावी लागली असती.

"आज काम फार नाही," पट्टेवाला कुजबुजला. "एक सायकलचोर आहे, तोही कबूल होणारे. लवकर सुटशील. फक्त तोंड मिटून बस."

हा झाला पूर्वरंग.

सायकलचोर म्हणून जो पुढे आला, तो नळ दुरुस्त करणारा, ताडमाड उंच माणूस होता. गल्लीतल्या सायकलवर टांग मारून तो पसार झाला, अशी तक्रार होती. सायकल पुराव्यादाखल भिंतीला टेकवलेली होती.

"कबूल," नळवाला म्हणाला. बाई शिक्षा सांगणार, इतक्यात टेम्पोवाल्याच्या पोटात एक प्रश्न उठला. त्याने तो दाबला. तो पुन्हा उठला. शेवटी हातच वर गेला.

"बाईसाहेब, सीट एवढीशी खाली अन् माणूस हा असा. यानं गुडघे ठेवले कुठं?"

पट्टेवाल्याने कपाळावर हात मारला.

"तुम्ही कैदेत आहात," बाई म्हणाल्या. पण त्यांची नजर सायकलकडे गेली, तिथून नळवाल्याच्या गुडघ्यांकडे. कुतूहल काही माणसाचा हुद्दा बघून लागत नाही. "सायकल अंगणात घ्या," त्या म्हणाल्या.

अंगणात नळवाला सायकलवर बसला, गुडघे हँडलला अडकले, आणि तो बेडकासारखा फाकत थेट हवालदाराच्या पोटावर गेला. वकील धावले, कारकून धावले, फाटकाबाहेर ही गर्दी. "पुन्हा एकदा होऊ द्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग तुम्ही ती चालवलीत कशी?" बाईंनी विचारलं.

"चालवली कुठं? गटाराच्या झाकणावर उभी होती, म्हणून ढकलत बाजूला नेली. परत ठेवायची राहिली."

"मग कबूल का केलंत?"

"सगळे म्हणाले, कबूल केलं की शिक्षा कमी होते."

"ज्यानं गुन्हा केलाय, त्याची होते," बाई म्हणाल्या. कबुली बाजूला ठेवली आणि साक्षीदाराला बोलावणं धाडलं.

साक्षीदार शेजारी दुपार कलल्यावर उगवला. "भिंतीवरून डोकं जाताना दिसलं," तो म्हणाला. "एवढ्या उंचावर डोकं, म्हणजे सायकलवरच असणार ना?"

नळवाला सुटला. बसची वेळ होत आली. टेम्पोवाला बाकाच्या टोकावर सरकला, तोच हवालदार शेवटचं प्रकरण घेऊन आला.

"भर रस्त्यात बस अडवली, बाईसाहेब. मघाशी आपल्या फाटकापाशी गर्दी कसली, ते कळल्याशिवाय बस पुढं जाऊ देणार नाही म्हणून ह्या समोर उभ्या राहिल्या."

लवकरची बस मिळाल्यामुळे सासूबाई लवकर आल्या होत्या.

"कबूल," त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "पण कंडक्टरलासुद्धा काही माहीत नव्हतं, हे लिहून घ्या."

पहिलाच गुन्हा, सरळ कबुली, कुणाला इजा नाही. तोच दंड, तीच कैद, तोच बाक.

"जावईबापू," बसता बसता त्या म्हणाल्या.

"आई," तो म्हणाला.

त्याने सरकून त्यांना जागा करून दिली.

"घरी काय सांगायचं?" त्याने हळूच विचारलं.

"खरं तेच सांगायचं. बसला उशीर झाला." सासूबाईंनी पदर सारखा केला. "माझ्यामुळं झाला, हे कुणी विचारलं तर बघू."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. टेम्पोवाल्याने देवाचे आभार मानले. शेजारी बांगड्या वाजल्या. सासूबाईंचा हात वर होता.

"बाईसाहेब, तेवढं एकच. मघाशी फाटकापाशी ती गर्दी होती कसली?"

पट्टेवाल्याने भिंतीला डोकं टेकलं. बाईंनी दाराकडे पाहिलं, मग बाकाकडे पाहिलं, आणि त्या परत खाली बसल्या.

"ऐका तर," त्या म्हणाल्या.