कै. सोनवडेकर हयात निघाल्याचे प्रकरण

दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाची एक रीत आहे. जो नोकरीत पैशाचं काम करतो, त्याला खजिनदार करायचं. त्यामुळे २००१ साली देवदत्त खानोलकर पहिल्याच बैठकीत म्हणाले, "मी गाणी लिहितो आणि गातो," तेव्हा आम्ही त्यांना एकमताने खजिनदार केलं. खानोलकर शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका ट्रेडिंग कंपनीत फायनान्स मॅनेजर. कंपनीचे मालक अण्णासाहेब हेच आमचे अध्यक्ष. मी चिटणीस, म्हणून हे सारं अधिकृतपणे सांगू शकतो.

खानोलकर गाणी गाडीत लिहीत. संध्याकाळी शारजाहून दुबईला येताना गाड्या इतका वेळ जागच्या हलत नसत की दोन कडवी चालीसकट सहज व्हावीत. बाकीची सभ्य माणसं त्या वेळात पुढच्या गाडीवाल्याला शिव्या देतात. ह्या गृहस्थांचं तेवढ्यावर भागत नसे. दिवाळीच्या कार्यक्रमात आपलं एक गाणं गिटारवर गावं, अशी त्यांची इच्छा होती आणि ती ते धरूनच बसले.

समितीने विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून नकार दिला. श्रोत्यांना ओळखीचं गाणं लागतं, आणि हे कोणी ऐकलेलं नव्हतं. ऐकवल्याशिवाय ओळखीचं कसं होणार, असं खानोलकरांनी विचारलं. आधी ओळखीचं करा, मग ऐकवू, असं आम्ही त्यांना समजावलं. शिवाय खजिनदाराने भर स्टेजवर भावना व्यक्त केल्या, तर मंडळाच्या खात्याबद्दल लोकांना शंका येईल, हाही मुद्दा निघाला.

पुढच्या बैठकीत त्यांनी दुसरं गाणं आणलं. कवी कै. वासुदेव सोनवडेकर, सातारा जिल्हा, मृत्यू १९३८, आयुष्यभर उपेक्षित. समितीने उभं राहून शांतता पाळली आणि गाण्याला कार्यक्रमातली शेवटची, म्हणजे मानाची जागा दिली.

दिवाळीला दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये खानोलकरांनी गिटार उचलली.

*चौदाव्या मजल्यावर माझा सदरा वाळतो आहे,*
*गावाकडचा वारा येता बाही हलवतो आहे.*

लोक रडले. मीही रडलो. साताऱ्यात बसून १९३८ च्या आत चौदावा मजला पाहणारा कवी म्हणजे द्रष्टाच, असं समितीतल्या मंजुषाताई डोळे पुसत म्हणाल्या. सूर्यकांत नावाच्या आमच्या सभासदाला तर सोनवडेकर आपल्या आत्याकडे जेवायला यायचे तेही आठवलं. हल्ली असं कोणी लिहीत नाही, हे सगळ्यांचं मत पडलं. एवढ्यावर थांबावं की नाही? पण टाळ्यांनी खानोलकरांचं डोकं फिरलं. ते माइकवर म्हणाले, "हे गाणं मी लिहिलंय. सोनवडेकर नावाचं कोणी नव्हतंच."

टाळ्या बंद पडल्या. आपले अश्रू एका फायनान्स मॅनेजरवर खर्च झाले, हे लोकांना सहन होईना. सूर्यकांत सगळ्यात जास्त चिडला, कारण आता प्रश्न त्याच्या आत्याच्या अब्रूचा होता.

लगेच चौकशी समिती बसली. खानोलकरांची मुलगी शर्वाणी म्हणाली, "बट बाबा रोट इट इन द कार. आय वॉज देअर." साक्ष इंग्रजीत असल्यामुळे मराठी मंडळाला ती ग्राह्य धरता आली नाही.

मग अण्णासाहेबांनी खानोलकरांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो.

"देवदत्त, हबीबी, गाणं फर्स्ट क्लास आहे. प्रॉब्लेम तो नाही. बँकेचा मॅनेजर हॉलमध्ये होता. मला म्हणाला, आज इसने कवी बोगस बनाया, कल सप्लायर बोगस बनाएगा. आता एक तर कवी खरा, नाही तर माझा फायनान्स मॅनेजर खोटा. दोघांपैकी एकालाच ठेवता येईल."

"पण ते माझं आहे, अण्णासाहेब."

"आणि व्हिसा माझा आहे."

घरी खानोलकरांच्या पत्नी लतिकावहिनींनीही समजूत घातली. मुलीची शाळा, भाड्याचं घर, सगळ्यांचं इथलं राहणं कंपनीने काढलेल्या त्या एका व्हिसावर होतं. गाणं कोणाचं ते मला माहीत आहे, तेवढं पुरत नाही का, असं त्यांनी विचारलं. पुरत नाही, असं खानोलकर म्हणाले. त्यांना फार वाईट वाटत होतं, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी गाणं आपलं नसल्याचं लिहून दिलं, आणि आम्ही त्यांना मोठ्या मनाने माफ केलं.

तेव्हापासून मंडळ दरवर्षी सोनवडेकर स्मृतिदिन साजरा करतं. फोटो सूर्यकांतच्या आत्याच्या यजमानांचा लावतो. हाराचा खर्च खजिनदार या नात्याने खानोलकर मंजूर करतात. यंदा त्यांनी ते गाणं पुन्हा गायची परवानगी मागितली होती. परंतु त्यांच्या आवाजात कवीची वेदना नीट उतरत नाही, असं तज्ज्ञांचं मत पडल्याने पुण्याहून गायक बोलावला.

तुम्ही आम्हाला हसताय, ते दिसतंय. हसा. फक्त तुमच्या ऑफिसातल्या अकाउंट्सवाल्याने मागे एकदा खिशातून कागद काढून "एक ऐकवू का?" असं विचारलं होतं, तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणालात, तेवढं आम्हाला कळवा.